किटलीने केलेला घात

ऐका, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या हातांनी मी माझं नाक कापून घेतलंय!

झालं काय, आमच्या कुणकेश्वरात एका मालिकेचं शूटिंग लागलं. जुन्या काळातलं खोतांचं घराणं, सुना, जावा, भांडणं. त्यात मला काम मिळालं! मोलकरणीचं. एकच प्रसंग, पण मुंबईच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना माझे फोन गेले होते.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाने हातात करवंटी दिली. म्हणे, मालकिणीची जाऊ वरून धार धरून चहा ओतणार आणि मी अंगणात उकिडवं बसून तो प्यायचा. माझं डोकंच फिरलं.

"आमच्याकडे असलं काही नसतं हां!" मी सगळ्यांसमोर सुनावलं. "माझ्याकडे धुणीभांडी करते ना, ती शेवंती, तिलाच विचारा. अगदी घरचीच आहे!"

माणूस समजूतदार. म्हणाला, "मग प्रसंगच बदलू. उद्या तुमच्याकडे चहाला येतो, बघतो."

प्रसंग बदलला तर मला चार वाक्यं जास्त! मी कशाला नको म्हणतेय?

दुसऱ्या दिवशी तो हजर. मी सोनेरी काठाचे कप काढले, शेवंतीला हाताला धरून खुर्चीत बसवलं. ती बिचारी अशी अवघडली, जशी काही दाताच्या डॉक्टरकडे आलीय!

"घे गो शेवंती, लाजतंस कित्याक?"

"नको वयनी."

"घे म्हणतंय मा!" मी डोळे वटारले.

ती उठलीच. "थांबा, माझो कप हाडतंय." मागल्या दारी गेली आणि खिडकीतला कान तुटलेला कप घेऊन आली.

"अगो, ह्यातलो घे!"

"तुमीच सांगितलास मा, ह्या कपांका हात लावू नको म्हणान?" चेहरा इतका भोळा! मुद्दाम केलं की काय, देव जाणे.

"अहो, तिला तोच कप आवडतो," मी सारवासारव केली. शेवंती आपली रोजच्यासारखी पायरीवर बसली, कप पुढे धरला. आणि मी? बोलण्याच्या नादात किटली उचलली आणि कपाला लागू नये म्हणून वरून मस्त लांब धार सोडली!

दिग्दर्शक टाळ्या वाजवत उठला. "वहिनी, मोलकरीण शेवंतीबाई करतील. मालकिणीची जाऊ तुम्ही!"

शरमेने मान वर होईना. तरी तोंडातून निघालंच, "पण मला अभिनय कुठे येतो हो?"

"तो करायचाच नाहीये," तो म्हणाला.