रिकामी टोपली

कुणी हिन्याचं अत्तर लावून शेजारी बसलं की मला आजही तिरोड्याजवळच्या आमच्या घरची पडवी आठवते आणि किळस येते. स्वराज्य यायला दोन-तीन वर्षं होती. मी पंधरा वर्षांची होते, मला बघायला पाहुणे आले होते. मुलगा मॅट्रिक झालेला. अत्तर त्याच्या मास्तर मामाचं.

चहा झाल्यावर मामानं मिशीवरून हात फिरवला. "शिकलेली हायेस ना? मंग सांग, टोपलीत आंबे किती? पहिला म्हणते पाचाहून जास्त, दुसरा म्हणते पाचाहून कमी, तिसरा म्हणते एक तरी हायेच. तिघांत एकच खरा बोलते."

मी जरा विचार केला. "पाच. नाहीतर टोपली रिकामी."

"रिकामी कायले? उत्तर पाचच हाय!"

"एकही आंबा नसन, तरी दुसराच तेवढा खरा ठरते, मामाजी."

मामा लालबुंद झाला. "पोरगी लय तोंडाची हाय," असं बाबांना सुनावून तो उठला. सोयरीक मोडली. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

कित्येक वर्षं मी त्या मामाला शिव्या घातल्या. आता वाटतं, त्या मूर्खाला दुसरं उत्तर दिसलंच नव्हतं. मुलाला मात्र दिसलं होतं. त्यानं बोटांवर मोजलं, माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली, आणि मामा उठताच टोपी घालून मुकाट्यानं त्याच्या मागं निघाला.

मूर्खाला माफ करता येतं. त्या मॅट्रिकवाल्याचं नावसुद्धा मी लक्षात ठेवलं नाही.