दाजींचा प्रश्न

सव्वा महिन्यापूर्वी ताईचा फोन आला, "हे गेले गं…" आणि रडू यायच्या आधी मला चक्क वैताग आला. हा माणूस नेहमी माझं बोलणं अर्धं सोडूनच उठायचा.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कोळवणला शेतीपंपांच्या मोटारी दुरुस्त करायचे. शिक्षण नववी. मी लवळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, मोटारीतल्या तारेला चुंबक ढकलतो तो का? मी सांगितलं, तारेतून विद्युतभार धावतात आणि धावत्या भारावरच चुंबकाचा जोर चालतो, थांबलेल्यावर नाही.

"मी त्येच्या बरुबर पळालो तर? माज्या लेखी त्यो थांबल्यालाच की. मग जोर कुटं ग्येला?"

"मग जोर नाहीसा होतो," मी ठोकून दिलं.

"मी पळालो म्हणून मोटार बंद पडंल व्हय, मास्तरीणबाई?"

ताई हसली. मी चिडून म्हणाले, असलं परीक्षेत विचारत नाहीत. झालं… पुढे प्रत्येक लग्नात, बारशात, चार पाहुण्यांसमोर, "हिला परीक्षेत इचारलं न्हाई, म्हणून ठावं न्हाई." मी कोळवणला जाणंच कमी केलं.

शेवटी पुस्तकं काढून बसले. बरोबर पळणाऱ्याला भार थांबलेला दिसतो, पण चुंबक उलटा धावताना दिसतो; धावत्या चुंबकामुळे विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते त्या थांबलेल्या भाराला ढकलतं. जोर कुठेच जात नाही. दाजी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"म्हंजी जोर येकच हाय. बगनाऱ्यापरमानं नाव बदलतंय."

"दाजी, एकदा तरी 'बरोबर' म्हणा."

"बरुबर हाय. पन ठावं न्हाई, असं तवाच का न्हाई म्हनलीस?"

मला इतका राग आला की चहा न घेताच निघाले. तीच शेवटची भेट.

तेराव्यानंतर ताईने दाजींचं दुकान आवरायला बोलावलं. लोकांच्या मोटारी ज्याच्या त्याला द्यायच्या होत्या. तीन मोटारींवर खडूने लिहिलेलं होतं, 'कळली न्हाई'. ताई म्हणाली, "दोष सापडला नाही की असंच लिहून परत द्यायचे. गिऱ्हाईक तुटायचं, मी ओरडायचे. ऐकतील तर ना."

नांदे गावचा एक शेतकरी त्यातली एक न्यायला आला. "काय झालतं हिला?" त्याने विचारलं. 'आतल्या तारेचं वाइंडिंग जळलं असेल' हे अगदी ओठांवर आलं होतं…

"दाजींना कळलं नाही," मी म्हणाले. "मलाही माहीत नाही."

त्याने मान डोलावली आणि मोटार खांद्यावर घेतली.