ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं

चिंचपोकळीच्या त्या चाळीत शिरताना डाव्या हाताला भिंतीवर एक काळा फळा होता, आणि त्या फळ्यावरचं वळणदार अक्षर नलू कांदळगावकरचं. संप सुरू झाला तेव्हा ती शाळेत होती. गिरण्यांचे भोंगे गप्प झाले आणि फळा मात्र कधी नव्हे इतका बोलू लागला. कोण गावाला चाललंय, कुणाला औषध हवंय, सभा कुठल्या गेटवर आहे, सगळं नलूच्या खडूने. मजकूर सांगायचे तिचे वडील, दगडूआबा. आबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे; मागाला गिरणीत साचा म्हणत.

एकदा फळ्यावर ओळ लागली, ‘शांतीकडे तांदूळ नाहीत.’ संध्याकाळी एक भला गृहस्थ तांदूळ पोचवून आला आणि ऐटीत ओळ पुसून गेला. तांदूळ पोचले तिसऱ्या मजल्यावरच्या शांतीकडे. तिने देवाची कृपा म्हणून खीर केली आणि मजल्यामजल्यावर वाटली. ज्या पहिल्या मजल्यावरच्या शांतीच्या घरी खरोखर तांदूळ नव्हते, तिलाही वाटीभर मिळाली. ती वाटी घेऊन ती आबांपुढे उभी राहिली.

“दगडूभावजी, खीर झकास झाली हो. आता माझ्या भाताचं काय?”

चाळ हसली, पण आबा हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी कायदा केला, “ज्येनी लिवला, त्येनीच पुसूचा. काम करणाऱ्यान फक्त ‘झाला’ म्हणान बाजूक लिवूचा.” खडू नलूचा असला तरी लिहिणारा म्हणजे ज्याची गरज तो.

पुढे संप विरत गेला, गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले, नलूचं लग्न होऊन ती दोन चाळी पलीकडे गेली. आई गेल्यावर तिने आबांनाही आपल्याकडे आणलं. घरातच एक कॉम्प्युटर मांडून ती लग्नपत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका जुळवून द्यायची. महागडा प्रोग्रॅम परवडेना, म्हणून कुणीतरी तिला एक फुकटचा घालून दिला. मालक कुणी नाही, जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो बनवतात, असं कळल्यावर नलूला अजिबात नवल वाटलं नाही. दहीहंडी अशीच तर होते!

नवल वाटलं ते मराठीच्या हालांचं. शुद्धलेखन तपासायला जावं तर चांगल्या धडधाकट शब्दांखाली लाल नागमोडी रेघ. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या लोकांच्या सामाईक मेल-यादीवर तक्रार धाडली. उत्तर आलं दादरहून. मराठीचं काम बघणारा माधव लिहीत होता, ‘ताई, तक्रार करताय, तर दुरुस्तही करा की!’

झालं. नलू मराठी शब्दांची राखणदार झाली. मेल-यादीवर वाद, रविवारी सकाळी सगळ्यांच्या एकत्र गप्पा, त्याही टाइप करून, आणि चुका नोंदवायचं एक पान. कुणीही यावं, चूक लिहावी. दुरुस्त होईपर्यंत ती तिथे उघडी राहणार. ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नलू आबांना हाका मारायला लागली. “आबा, बघा बघा, आपला फळा!”

आतापर्यंत मराठी प्रोग्रॅमला वेगळी जोडून घ्यावी लागे; नव्या आवृत्तीत ती पहिल्यांदाच मुळातून आत जाणार होती. नलूने दोन वर्षं त्यासाठी डोळे फोडले होते. आणि आवृत्ती निघायच्या आठवड्यात, सोमवारी, जर्मनीहून हेल्गाबाईंचं पत्र आलं. कुठली भाषा आत आणि कुठली बाहेर, ते या बाई ठरवत. ‘मराठीच्या पानावर चुकांची रांग तशीच उघडी आहे. शुक्रवारपर्यंत पान रिकामं दिसलं नाही, तर मराठी या वेळी नाही.’

पाठोपाठ माधवचा फोन.

“नलूताई, कामं राहिलीत की काय?”

“छे रे. कधीच झाली सगळी. प्रत्येकीखाली ‘झालं’ लिहिलंय ना.”

“मग बंद का नाही केलीत?”

“मी कशी करणार? माझ्या थोड्याच आहेत त्या?”

“अहो ताई, ज्याने दुरुस्त केलं त्यानेच बंद करायचं असतं!”

“कोण म्हणतं?”

“सगळं जग म्हणतं!”

“आमची चाळ नाही म्हणत.”

“ताई, पाया पडतो. एकेक बटण दाबत जा. पोहे होईपर्यंत संपेल.”

नलूने बटणावर बोट ठेवलंही. पहिलीच नोंद गिरगावच्या राजलक्ष्मीबाईंची, निवृत्त शिक्षिका, ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत फौजदार. बोट काही दाबेना. डोळ्यांपुढे खिरीची वाटी. मंगळवारी सकाळी ती सरळ गिरगावात गेली.

“बाई, तुमची तक्रार दूर झालीय. तेवढी तुमच्या हाताने पुसा.”

राजलक्ष्मीबाईंनी चष्मा लावला, सावकाश एक शब्द टाइप केला. त्याच्याखाली लाल रेघ टुणकन उमटली.

“हे दूर झालंय होय?”

“अहो, पण ‘दिन’ तर मी स्वतः...”

“मी ‘दीन’ म्हटलं होतं, दीर्घ. गरीब या अर्थी. तू दिवस दुरुस्त केलास, गरीब तसाच राहिला.”

नलू आधी ओशाळली आणि मग इतकी हसली की बाईंना वाटलं, हिला ऊन लागलं. तांदूळ पुन्हा दुसऱ्या शांतीकडे गेले होते!

घरी येऊन तिने मेल-यादीवर सगळी हकीकत लिहिली. दोन शांती, खीर, दीन आणि दिन. शेवटी लिहिलं, ‘ज्याची त्याने येऊन बघावी आणि पुसावी. शुक्रवारच्या आत.’ हेल्गाबाईंचं उत्तर चटकन आलं. ‘तुमच्या वडिलांचा नियम चांगला आहे. पण शुक्रवार म्हणजे शुक्रवार.’

मग जी धांदल उडाली! नाशिकचा एक वकील कोर्टाच्या पायरीवरून पुसून गेला. अमेरिकेतल्या एका सूनबाईंनी पुसता पुसता खिरीची कृती मागितली. राजलक्ष्मीबाईंनी दीनाचा उद्धार झाल्याची तीनदा खात्री केली. मासे विकणाऱ्या तुळसाच्या नावाने नलूनेच नोंद केली होती. नलू ‘मुडदुसा’ या माशाच्या नावाची छापील पाटी घेऊन लालबागच्या बाजारात गेली.

“मुडदुशाखाली आता रेघ नाही, तुळसा. पुसू?”

“पूस गो बाय. आमचा मावरा चूक म्हणतो, तो कम्पुटर नासलेला होता.”

शुक्रवारी दुपारी पानावर एकच ओळ उरली. दगडूआबांची. चाळीच्या स्मरणिकेसाठी ते जुन्या सोबत्यांवर लिहायला बसले होते, तेव्हा ‘साचेवाला’ शब्दाखाली लाल रेघ आली होती. आबा ताडकन उठले होते. “गिरण मोडली ती मोडली, आता आमचो शब्द पण चुकीचो?”

आता माधव फोनवर ताटकळत होता, आणि आबा एका बोटाने टाइप करत होते. सा. चे. वा. ला. रेघ आली नाही. पुन्हा केलं. साचेवाले. नाही. साचेवाल्याचा. नाही. आबांनी खांद्यावरचा पंचा घेतला, तांब्यातल्या पाण्यात बुडवला आणि कॉम्प्युटरची अख्खी काच पुसून काढली.

“आबा! तसं नाही हो!” नलूने त्यांचं बोट धरून माऊसवर ठेवलं. “हे दाबा. तुम्हीच.”

टिक. पान कोरं झालं. फोनमधून माधव ओरडला, दोन्ही डोळे पुसत नलूने चहा टाकला, आणि चहाला उकळी येतेय तोवर हेल्गाबाईंचं पत्र आलं. मराठी आत.

“झाला मां?” आबांनी बशीत चहा ओतला. “आता नवीन लिव.”

“आता आणि काय?”

“साचेवालो इलो. वाइंडिंगवाली खंय आसा? तुझी आवस वाइंडिंग खात्यात होती मां?”

आई गिरणीत बॉबिनवर सूत गुंडाळायची. नलूने ‘वाइंडिंगवाली’ टाइप केलं. खाली लाल रेघ. तिने हसत नवी नोंद उघडली, आणि तक्रारदाराच्या जागी लिहिलं, दगडू कांदळगावकर.