थैली बघणारे मामा

जगातले निम्मे आजार कागदातून होतात आणि उरलेले निम्मे कागदापायी बरे होत नाहीत, असे माझ्या बायकोचे मामा छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते सांगायला त्यांना नेमका माझ्याच दवाखान्याचा वऱ्हांडा लागे. मामा पेशाने वकील. कामरगावच्या आमच्या लोकांतले पहिले वकील, त्यामुळे अख्ख्या वस्तीचे खटले त्यांच्याकडे आणि फी मात्र कोणाकडेच नाही, अशी त्यांची उभी वकिली गेली. मामी गेल्यावर ते मालेगावला आमच्याकडे राहायला आले. पहिल्या दिवशी वेळ जाईना म्हणून वऱ्हांड्यातल्या बाकावर बसले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हातारीला तिच्या थैलीत काय काय आहे ते विचारले, आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या दवाखान्यात दोन रांगा लागू लागल्या. दुसरी रांग जास्त लांब होती.

आमच्याकडचा पेशंट थैली घेतल्याशिवाय दवाखान्यात येत नाही. तिच्यात घरातला झाडून सगळा कागद असतो. माझी जुनी चिठ्ठी, रक्ताचा रिपोर्ट, राशनकार्ड, सातबारा, विजेचे बिल आणि कुठल्याशा लग्नाची पत्रिकासुद्धा. कोणता साहेब कोणता कागद मागेल याचा नेम नसतो, म्हणून सगळेच बरोबर. आम्ही डॉक्टर मंडळी त्यातला आपला कागद उचलतो आणि बाकीचे परत कोंबतो. मामा बरोबर उलटे करीत. माझा कागद बाजूला सारून उरलेले एकेक चष्म्याशी नेत आणि ओठ हलवत वाचत. आधी मोठ्याने ‘जयभीम’, मग थैली, मग प्रश्न, हा क्रम कोणासाठी बदलत नसे, मग समोर पाटील असो की मजूर. मे महिन्यातही अंगात वकिलीचा काळा कोट असे. एकदा मी तो काढायला सांगितला, तर म्हणाले, "कोटाबिगर सल्ला देनं म्हंजे हात न धुता ऑपरेशन करनं."

सल्लाही ते माझ्यासारखाच लिहून देत. गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून ठेवलेले असत. त्यावर ठळक अक्षरात: सकाळी, तहसील, अर्ज एक. दुपारी, पोच घेणे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. रिकाम्या पोटी तहसिलात जाऊ नये. लोक हे पुठ्ठे माझ्या चिठ्ठीपेक्षा जपून ठेवत, आणि शेजारचा औषधवाला मला विचारी की डॉक्टरसाहेब, हे ‘पोच’ नावाचे औषध मी कुठून आणू.

जऊळक्याकडचा एक शेतकरी दर पेरणीला कंबर धरून येई. तीन वर्षे मी त्याला इंजेक्शने, मलम, पट्टा, सगळे दिले. मामांनी एका बैठकीत शोध लावला की शेजारी दरसाल ट्रॅक्टरने शेताचा बांध सरकवतो, दोघे हातघाईवर येतात आणि याची कंबर दरसाल तिथेच मार खाते. मामांनी त्याला सरकारी मोजणीचा अर्ज करायला लावला. हद्दीवर दगड रोवले गेले. पुढच्या पेरणीला तो आला नाही. बाजारात दिसला, पाठीवर खताचे पोते. मला आनंद झाला, पण खोटे कशाला बोलू, एक हक्काचा पेशंट गेल्याचे वाईटही वाटले.

मामांना तेवढेच हवे होते. रात्री ताटावर बसून त्यांनी मला अर्थशास्त्र शिकवले. "जवाईबापू, तीन वर्सं त्याचं औषध गेलं, एसटीचं भाडं गेलं, रोज बुडला, अन् दुखनं जाग्यावरच. एका मोजनीनं सारं वाचलं असतं. डॉक्टराच्या बाजूले सरकारनं एक फुकट वकील बसवला ना, तं औषधाचा खर्च निम्म्यावर येईन." हाच हिशेब त्यांनी सात पानांत लिहून वरच्या साहेबांना पाठवला. उत्तर आले नाही. पण पोच मिळाली होती, आणि ती ते पाहुण्यांना दाखवत.

मी हसत असे. हसणे कधी संपले तेही मला आठवते. एका निवृत्त गुरुजींना अशक्तपणा होता म्हणून मी महागातले टॉनिक लिहून दिले. ते बाटली घेऊन वऱ्हांड्यात गेले, तर मामांनी ती पाहिली, थैली पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाले की गुरुजी, हे बंद करा, तुम्हाला अशक्तपणा नाही, तुमची पेन्शन अडकली आहे. अख्खा वऱ्हांडा हसला. महिनाभरात पेन्शन सुरू झाली, गुरुजी दोन वेळ जेवू लागले आणि गालावर मांस चढले. ते मला जास्तच झोंबले. त्याच आठवड्यात मी मामांना गोड आवाजात सुचवले की तुमची फार दगदग होते, काही दिवस गावी आराम करा. आमच्यात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. मामांनी कोटाची घडी केली आणि सकाळच्या बसने ते कामरगावला गेले. मी बाक काढून तिथे खुर्च्या आणि टीव्ही लावला.

आठच दिवसांनी जवळच्या गावची एक बाई आली. त्या उन्हाळ्यातच तिचा नवरा गेला होता. छातीत धडधड, झोप नाही. कोटवाले बाबा कुठे आहेत, असे तिने विचारले. गावाला गेलेत, मी म्हणालो. मग तिने थैली माझ्या टेबलावर ठेवली. जुना रिपोर्ट शोधताना एक शिक्क्याचा कागद हाताला लागला. मी त्याच्याकडे पाहिले, आपला नाही एवढे कळले आणि परत ठेवताना म्हणालो, "हा नीट सांभाळून ठेव." तिला गोळ्या दिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ती नोटीस होती. नवऱ्याच्या तीन एकरांवर त्याच्या जागी एकट्या दिराचे नाव लागणार होते, आणि तिची हरकत असेल तर ती पंधरा दिवसांत द्यायची होती. एका साध्या अर्जाचे काम. पण तिला वाटले, शिकलेल्या डॉक्टरने कागद पाहिला, सांभाळ म्हणाला, म्हणजे सगळे ठीक आहे. तिने तो घरी नेऊन पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवला आणि कुलूप लावले.

सोयाबीन काढणीच्या वेळी ती परत आली, तेव्हा तिचे ब्लडप्रेशर पाहून मीच घाबरलो. काय झाले म्हणून विचारले. आपल्याच वावरात ती विळा घेऊन गेली होती आणि दीर म्हणाला होता, रोजानं यायचं तं ये. मग तिने पेटीतला कागद माझ्यापुढे ठेवला. "तुमी पायला होता ना? तुमी सांगतलं तसा जपला मी." आवाजात तक्रार नव्हती. ती फक्त विचारत होती की आता पुढे काय करायचे.

मी तिला गोळ्या देऊन बसवले, कागद खिशात घातला आणि मोटरसायकलवर कामरगाव गाठले. मामांनी नोटीस वाचली, तारीख पुन्हा पाहिली आणि मुदतीत ही कोणीच पाहिली नाही काय, असे विचारले. मी पाहिली, मी म्हणालो. त्यांनी नोटिशीची घडी केली. मग उठून त्यांनी कोट घातला.

आता अपील करायचे होते. त्याचीही मुदत उलटली होती, म्हणून उशीर का झाला ते लिहायचे आणि डॉक्टरचा दाखला जोडायचा. त्या तारखांना ही बाई माझ्या उपचाराखाली होती, असे मी लिहिले. ते खरेच होते. पण सही करताना पेन अडले. नोटीस माझ्या हातात आली होती हेही लिहू का, असे मी मामांना विचारले.

"साहेबाले आजार समजते, जवाईबापू," मामा म्हणाले. "आपला घरचा रुसवा त्याले काहून सांगता? तिचं काम होऊ द्या."

अपील दाखल झाले. दर तारखेला मामा तिच्याबरोबर जात, बसायला जागा नसेल तर उभे राहत. गेल्या थंडीत मामा गेले. निकाल अजून लागलेला नाही. ती बाई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाते, तारीख संपली की माझ्याकडे प्रेशर तपासायला येते, आणि तिच्या एका गोळीच्या आता तीन झाल्या आहेत. मामांचा हिशेब मला तिच्याकडे पाहिले की कळतो, आणि आता तो सांगायला कोणी नाही. अपिलाच्या अर्जात उशिराचे कारण ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असे लिहिले आहे आणि खाली माझी सही आहे. खरे कारण माझा हेवा होता, आणि ते कुठेही लिहिलेले नाही. ते एकट्या मामांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते जाईपर्यंत कोणालाही, आपल्या भाचीलासुद्धा, सांगितले नाही.