उलट्या जोडलेल्या तारा

माझ्या बायकोच्या उजव्या हाताची दोन बोटं मी निकामी केली. गावात सगळे म्हणतात, तिनं नको तिथं हात घातला. ते खोटं आहे, आणि ते खोटं मीच पसरवलेलं आहे. ती जाऊन चार महिने झाले. मला लिहायची सवय नाही, चौथीत शाळा सोडली. घडलं तसं लिहितो.

चौक गावाला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, मधे खड्डा. मागं आमची एक खोली. माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून बायकोच हाताखाली यायची. चूल आटोपली की पदर खोचून हजर. मी गाडीखालून नुसता हात बाहेर काढला की बरोबर त्याच नंबरचा पाना हातात पडायचा. पण ती कामाची आहे असं मी चार माणसांत कधी बोललो नाही. बायकोच्या जिवावर गॅरेज चालतंय असं कोण म्हणवून घेईल?

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका शेठची गाडी आली. विलायती, लांबलचक, वीस वर्षांची जुनी, पण पॉलिश असं की तोंड दिसावं. तिच्या काचा हँडलनं नाही, बटणानं वरखाली व्हायच्या. दाराच्या पोटात छोटी मोटर असते, ती कैचीसारखे लोखंडी हात उघडते-मिटते, आणि ते हात काच उचलतात. ड्रायव्हरच्या बाजूची मोटर जळाली होती. शेठच्या मुलीचं लग्न पुण्याला, वरात ह्याच गाडीतून निघायची. ड्रायव्हरनं मुंबईच्या भंगारात दुसऱ्या कुठल्याशा गाडीची मोटर मिळवून आणली होती. शेठला खोपोलीत ओळखीच्यांकडे जेवायला सोडून तो माझ्याकडं आला.

"उस्ताद, तीन वाजता शेठला घ्यायचाय. तवर काच वर-खाली पळाली पायजे."

मी दाराचा पुठ्ठा काढला. आतल्या तारा तेलानं, उन्हानं काळ्या पडलेल्या. कुठली लाल, कुठली हिरवी, काही कळेना. दिव्याची वायर लावून बघत गेलो. मी बटण दाबायचो, बायको दाराशी दिवा धरायची आणि सांगायची, "वरचं दाबलं की ही पेटते. खालचं दाबलं की ती." मग भंगारातली मोटर कैचीला बसवून जमिनीवर ठेवली आणि बॅटरीला लावून फिरवून बघितली. तिच्याही दोन तारा तशाच, एक वर नेणारी, एक खाली आणणारी.

"आवो, खूण बांदून ठेवते," ती म्हणाली. "मागनं घोळ हुईल."

हात पुसायला जुनं लुगडं फाडून ठेवलेलं असायचं. त्याच्या काठाची हिरवी चिंधी तिनं वर नेणाऱ्या तारांना बांधली, गाडीकडच्या एकीला, मोटरकडच्या एकीला. खालच्यांना पांढरी. "हिरवीला हिरवी जोडा, पांढरीला पांढरी. झालं."

ड्रायव्हर खोक्यावर बसून तिनंच केलेला चहा पीत होता. तो हसायला लागला.

"काय उस्ताद, शेठच्या गाडीला वहिनीचं लुगडं नेसवता काय?"

"चिंदी हाय ती," बायको म्हणाली. "तुमच्या शेठाला काच वर गेल्याशी मतलब."

"आयला, मिस्त्रीण बोलली! उस्ताद, मग तुमी इथं काय करता? भाकऱ्या थापायला जा की."

हसण्यावारी न्यायचं, एवढंच होतं. पण माझ्या डोक्यात गेलं. चारही चिंध्या ओरबाडून काढल्या आणि खड्ड्यात टाकल्या.

"मला तारा कळतात. तू काच धर."

"कळतात वो, मी कुटं नाय म्हन्ते. पन आता..."

"काच धर म्हटलं ना!"

तिनं काच धरली. कैची दारात बसवून काचेला अडकवेपर्यंत कुणीतरी काच वरून धरून ठेवावी लागते. तिची बोटं काचेच्या वरच्या धारेवर होती, चौकटीपासून वीतभर खाली. मी दाराशी खाली बसून कैची काचेला अडकवली, मग तारा जोडल्या. कुठली कुठली ते माझं मला पक्कं माहीत होतं. तसं वाटत होतं.

"जोडली," मी म्हणालो. "खाली सोडतो, मग हात काढ."

खालचं बटण दाबलं. काच वर गेली.

ती ओरडली नाही. नुसता घशातून आवाज आला. मी दचकलो आणि बटण आणखी जोरानं दाबलं. काच खाली आणायची तर खालचं बटण दाबायचं, एवढंच त्या वेळी हाताला ठाऊक. जितकं दाबावं तितकी काच तिची बोटं चौकटीत चेचत होती. शेवटी ड्रायव्हरनं धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. मोटर थांबली, पण काच होती तिथंच. बोटं आतच. तो म्हणाला, आता?

तीच म्हणाली. दात आवळून, माझ्याकडं बघत. "उलटं दाबा वो. वरचं दाबा."

म्हणजे तारा उलट्या लागल्यात हे तिला तेव्हाच कळलं होतं.

ड्रायव्हरनं वायर परत टेकवली, मी वरचं दाबलं, काच खाली आली. हात तिनं पदरात गुंडाळला. तेवढ्यात शेठ दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून आले, उशीर का म्हणून तणतणत. रक्त बघून विचारलं, काय झालं. ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "बाईमाणूस, शेठ. मधेच हात घातला." ड्रायव्हरनं मान हलवली. त्यालाही चिंध्यांचं सांगायचं नव्हतं.

शेठनं आपल्या गाडीतून तिला नेलं नाही. सीटला नवं कापड घातलं होतं. मी तारा सरळ करून दिल्या, काच पळायला लागली, गाडी निघून गेली. मग कर्जतच्या डॉक्टरकडं आम्ही भाजीच्या टेंपोत बसून गेलो. आधी गाडी, मग बायको. हेही लिहूनच टाकतो.

बोटं जगली, पण दोन वाकडीच राहिली. भाकरी ती डाव्या तळव्यानं थापायला शिकली. भाताच्या लावणीला बायका रांगेत पुढं निघून जायच्या, ही मागं एकटी. बायका म्हणायच्या, "कशाला गं गेलीस मशिनीत मराया?" ती वाकून पुढचं रोप लावायची. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा मी सांगायचो, बाईचा हात लागला की मशीन कोपतं. लोक माना डोलवायचे. त्यानंतर ती गॅरेजात आली नाही, आणि मी मात्र प्रत्येक तारेला चिंधी बांधून काम करायला लागलो. ती बघत नसताना.

दोन-तीन वर्षांनी एकदा लावणीहून आली, हात गरम पाण्यात बुडवून बसली आणि म्हणाली, "लोकास्नी काय सांगायचं ते सांगा. माज्याफुडं तरी एकडाव खरं बोला."

मी म्हणालो, "किती वर्षं तेच उगाळतेस गं?"

पुन्हा तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, विसरली. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं. नंतर तीसपेक्षा जास्त वर्षं ती माझ्याबरोबर राहिली, रोज दोन वेळा माझ्यापुढं ताट ठेवलं. एक वाक्य बोलायला तेवढा वेळ पुरला असता.

ती सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. हिरव्या बांगड्या घालायला माझी बहीण बसली. डाव्या हातात गेल्या. उजव्या हातात वाकड्या बोटांवरून चढेनात. एक फुटली.

"मेली," बहीण रडत म्हणाली, "त्या मशिनीत हात घातला नसता तर आज हातभर चुडा लेवून गेली असती."

मी दारात उभा होतो. म्हणालो, "तिनं नाय घातला. काच धर म्हणून मीच उभी केली. तारा मी उलट्या जोडल्या. बटण मी दाबलं. नंतर लोकांत खोटं मी बोललो."

बहीण उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "दादा, असं आपल्या अंगावर घेऊ नको रं. सोन्यासारखी गेली ती. जा, भायेर बस जरा."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लई जीव हुता बायकूवर. म्हून बोलतोय."

मी बाहेर जाऊन बसलो. अंगणात माणसं जमली होती. त्यांतला एक पाहुणा शेजारच्याला विचारत होता, हिच्या बोटांना काय झालं होतं म्हणून. शेजारचा सांगत होता, बाईमाणूस, मधेच हात घातला. माझेच शब्द होते, एकही चुकला नाही.