खेळलेला पैलवान

मंडळी, आपल्या जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या कम्युनिटीतले एक थोर संग्राहक आज मंगळवार पेठेत माझ्या घरी आले होते. मी जपलेले प्लास्टिकचे पैलवान आणि पैलवानांच्या पत्त्यांचे कॅट बघायला.

माझ्या धाकट्या भावाचा पैलवान त्यांनी मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत उचलला. "रंग गेलाय. कुणीतरी खेळलंय की ह्याच्याशी."

"खेळणं हाय ते, पावणं," मी म्हटलं. "शेवटच्या आजारपणात भाऊ उशाशी घेऊन झोपायचा."

"मग कचराच. माझ्याकडं सगळं सीलबंद हाय. पोरीलासुद्धा हात लावू देत न्हाय."

मी पैलवान काढून घेतला आणि त्यांना दार दाखवलं. चहाही दिला नाही.

सीलबंद खोकी तर दुकानातली फळीही सांभाळते. असल्या माणसाला शौकीन म्हणायचं का, तुम्हीच सांगा.