पडद्याची मधली जागा

लहानपणी त्याच्या हाती कोळसा लागला की भिंतीची धडगत नसे. वडील कामावरून यायच्या आत ताई ओलं फडकं घेऊन सगळं पुसून टाकी. पुसण्याआधी मात्र ती क्षणभर थांबे, डोकं तिरकं करून चित्र बघे. त्याची चित्रं बघणारं अख्ख्या जगात तेवढंच एक माणूस होतं.

ताई लग्न होऊन गेली आणि तो एका फोटो स्टुडिओत झाडलोटीला लागला. शिकवणारं कुणी नव्हतं. उरलेसुरले रंग ढवळून, चुकतमाकत हात बसला. शेवटी मालकांनी फोटोमागचा मोठा पडदा रंगवायला दिला.

"डोंगर काढ, झाडं काढ, पण मधे डोकं चालवू नकोस," ते म्हणाले. "मधे गिऱ्हाईक उभं राहतं."

ऐकेल तर तो कसला! कडेचे डोंगर त्याने उरकले आणि सगळा जीव मधल्या जागेत ओतला. तिथे कोळशाच्या रेघोट्यांची भिंत आणि तिच्यापुढे फडकं घेतलेली, डोकं तिरकं केलेली ताई. मग काय, नवी जोडपी, रडकी बाळं, पास झालेली पोरं, सगळी नेमकी तिच्यापुढेच उभी राहिली. घरोघरी त्याचे डोंगर टांगले गेले, ती कुणाला दिसली नाही. त्याने लग्न केलं नाही, तक्रारही केली नाही. ताईने एकदा यावं आणि बघावं, एवढंच मनात धरून राहिला. ताई संसारात अडकलेली. आज येते, उद्या येते करत दोघांचे केस पिकले.

लोकांच्या खिशात कॅमेरे आले, स्टुडिओ बंद पडला. पडदा तेवढा त्याने मागून घेतला आणि आपल्या खोलीत लावला. आता पडद्यापुढे उभं राहणारं कुणीच नव्हतं. त्याने ताईला फोन केला, आणि या वेळी ती खरंच आली.

"अरे वा, केवढा मोठा!" म्हणत ताई सरळ पडद्यापुढे गेली, केस सारखे करून मधोमध उभी राहिली. "काढ बघू फोटो."

"ताई, जरा बाजूला हो ना. मागे बघ."

तिने चष्मा पुसला. बघितलं. डोकं तिरकं झालं.

"छान आहे रे. ही कामवाली कोण?"

इतकं एकटं त्याला रिकाम्या खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "जागा रिकामी होती म्हणून काढली. तू राहा उभी."

फोटोत ताई छान आली. मागची मुलगी पूर्ण झाकली गेली.